हिरवी तार

२० मे, पटपडगंज

सुनंदा,

चेतना फोनवर म्हणाली, "आई म्हणते, काय सांगायचंय ते लिहून पाठवा. बोलताना तुम्ही तिचं वाक्य पुरं होऊ देत नाही." म्हणून लिहितोय. चाळीस वर्षं एका घरात राहिलेल्या बायकोला स्पीड पोस्टाने पत्र पाठवायचं, तेही पानिपतला, जिथे सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. पण ठीक आहे. तुझी अट तर तुझी अट.

तू लेकीकडे जाऊन आज अकरा दिवस झाले. हाताला आराम पाहिजे हे मला मान्य आहे. पण जाताना तू बॅगेत लोकरीची शालही भरलीस, ते मी पाहिलं. मे महिन्यात शाल कशाला लागते?

इकडे पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नाही. छतावरच्या टाकीतलं पाणी असं येतं की चहाला वेगळं उकळायला नको. आणि कूलर बाल्कनीत उघडा पडलाय. मोटर घरघरत होती, पंप पाणी चढवत नव्हता, तिन्ही जाळ्यांतली पाणी झिरपवणारी गवताची घास कुजली होती. तू पडलीस त्याच संध्याकाळी मी तो खोलायला घेतला होता. चेतनाला वाटतं बाबांना कशाचं काही पडलेलं नाही. तिला सांग, त्याच दिवशी कामाला लागलो होतो.

चेतना एसी लावून देते म्हणाली. मी नाही म्हटलं. ती चौथीत असताना घेतलेला कूलर आहे हा, जाड पत्र्याचा. आजकाल असा पत्रा मिळत नाही. आणि सामान तर घरातच आहे. ज्या माळ्याला तू भंगारवाल्याचं गोदाम म्हणायचीस, तिथे दोन जुने पंप, एक रेग्युलेटर आणि जाळीचे खिळे निघाले. मोटर तेवढी कुठूनतरी मिळवावी लागेल. कूलरचा काही दोष नव्हता, हे मी तो चालवून सगळ्यांना दाखवणार आहे. ओल्या फरशीवर कोणीही घसरतं.

शशिकांत

ता.क. गोडा मसाल्याचा डबा सापडत नाही.

&nbsp;

२७ मे

सुनंदा,

चेतनाला विचारलं, आईने पत्र वाचलं का? म्हणाली, वाचलं. मग? "मग काही नाही बाबा. घडी घालून उशीखाली ठेवलं." मसाल्याच्या डब्याबद्दलसुद्धा एक शब्द नाही. मी आठवडाभर वरणात नुसतं हिंग-जिरं घालून खातोय.

गुरुवारी मायापुरीला गेलो. मेट्रो थेट जाते, पण स्टेशनपासून आत भंगार बाजारात चालत जायचं म्हणजे तव्यावरून चालणं. गाड्यांचे सांगाडे, पंख्यांचे ढीग, सगळीकडे काळं तेल. एका दुकानात कूलरच्या मोटारी रताळ्यांसारख्या रचून ठेवल्या होत्या. मी विचारलं, "चलती है क्या?" दुकानदार म्हणाला, "अंकल, मोटर है, घोड़ा थोड़ी है जो दौड़ाके दिखाऊँ." तशीच घेतली.

घरी आल्यावर कळलं की आपल्या पंख्याचं भोक पाच सुताचं आणि हिचा दांडा चार सुताचा, बारीक. पावडरच्या डब्याचा पत्रा कापून दांड्याभोवती गुंडाळला आणि पंखा ठोकून बसवला. चालू केला तर पंखा डगमगत फिरला, मग जाळीवर आपटला. तो धरायला गेलो आणि अंगठा कापला. पुन्हा काढला, पुन्हा पत्रा गुंडाळला, पुन्हा बसवला. चौथ्या वेळी सरळ फिरला. मी खुर्ची टाकून समोर बसतो न बसतो तोच घरभर जळका वास. मोटर जळली. तीन दिवसांचं काम अर्ध्या तासात गेलं. मी पाना भिंतीवर फेकून मारला. भिंतीचा पोपडा निघालाय, तो तू आलीस की दिसेलच, म्हणून आधी सांगून ठेवतो.

वास आला म्हणून वरच्या मजल्यावरची इशिता धावत आली. "अंकल, सब ठीक है?" मी म्हटलं, सब ठीक. जाताना म्हणाली, "आंटी का हाथ कैसा है? मम्मी कह रही थीं, इस उम्र में पैर संभालके रखना चाहिए." मी म्हटलं, हो ना.

आता तू विचारशील, मोटर नवीन का आणत नाही. तुला ते समजणार नाही. चौतीस वर्षं मी मंत्रालयात फायलींवर टिपणं लिहिली. वरचा साहेब खोडायचा, त्याच्या वरचा पुन्हा तेच लिहायचा. मी सुरू केलेलं काम माझ्या टेबलावर कधी पुरं झालं नाही. घरी इस्त्री दुरुस्त केली की ती तापायची. मिक्सर दुरुस्त केला की चटणी वाटली जायची. तू चटणी वाटताना एकदा म्हणाली होतीस, "हाताला गुण आहे तुमच्या." ते विसरलीस का?

शशिकांत

&nbsp;

३ जून

सुनंदा,

दिनकरकडे गेलो होतो. कोपर्निकस मार्गावरच्या सदनात तो बावीस वर्षं केअरटेकर होता, ओळखी अजून आहेत. भंगारात काढलेल्या जुन्या कूलरांतली एक मोटर त्याने माझ्यासाठी बाजूला ठेवून घेतली होती, रीतसर पावतीसकट. दांडा पाच सुताचा. हाताने फिरवून पाहिली तर लोण्यासारखी फिरली. आम्ही दोघांनी कँटीनमध्ये थालीपीठ खाल्लं. तो म्हणाला, "वहिनी दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत?" मी सांगितलं, सृष्टीला, चेतनाच्या मुलीला, सुट्टी आहे, तिला सांभाळायला गेली आहे. दुसरं काय सांगणार होतो?

दोन दिवसांत सगळं जोडलं. मोटर बसवली, माळ्यावरच्या दोन पंपांतून मिळून एक पंप केला, नवी घास भरली. सकाळी अकराला बटण दाबलं.

खट्ट. घरातलं सगळं बंद. पंखा बंद, फ्रीज बंद. मानसने दोन वर्षांपूर्वी बोर्डात बसवला तो स्विच खाली पडला होता. वर केला, कूलर लावला. खट्ट. पंप काढून ठेवला, नुसती मोटर लावली. खट्ट. अकरा वेळा केलं सुनंदा, अकरा वेळा. बनियनला पिळून पाणी काढता आलं असतं. मी त्या स्विचला एवढ्या शिव्या दिल्या की समोरच्या बाल्कनीतल्या बाईंनी खिडकी लावून घेतली. मागच्या वर्षीही याने असाच जीव खाल्ला होता. जावईबापूंनी काहीतरी नाजूक विलायती वस्तू आणून बसवली आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीला मोडता घातला. माझ्या मते तो स्विचच खराब आहे. उद्या बदलून साधा बसवून घेतो.

मोटर चांगली, पंप चांगला, घास नवी. मग याला काय दुखतंय?

चेतना म्हणाली, तुझं प्लास्टर अजून पंधरा दिवस राहील. सृष्टी तुझा हात धरून तुला खाली फिरायला नेते म्हणे. ऐकून बरं वाटलं.

शशिकांत

&nbsp;

८ जून

सुनंदा,

तुझं पाकीट मिळालं. डाव्या हाताने लिहिलेलं अक्षर पाहून आधी मला वाटलं सृष्टीनेच लिहिलंय. एवढा मोठा कागद आणि त्यावर एक ओळ:

"मागच्या वर्षी स्विच पडायचा, मग पडायचा बंद कसा झाला, ते लिहा."

मी तुला तीन पत्रं लिहिली. अंगठा कापला ते लिहिलं, घरात एकटा काय खातो ते लिहिलं. त्यावर तुला एवढंच विचारावंसं वाटलं? ही काय चौकशी समिती आहे? मागच्या वर्षीच्या जूनमध्ये कुठला स्विच का पडत होता, हे कोणाच्या लक्षात राहतं? आपोआप ठीक झाला असेल. होतात गोष्टी आपोआप ठीक.

मी याचं उत्तर देणं लागत नाही.

शशिकांत

&nbsp;

१० जून

सुनंदा,

परवाचं पत्र मी पोस्टात टाकलं आणि पेटीसमोर उभा राहिलो. परत काढता आलं असतं तर काढलं असतं. ते तुला आज-उद्या मिळेल. वाच, पण हे त्याच्यानंतरचं आहे.

काल मंडावलीहून बलबीरला बोलावलं. तोच, जो आपल्या जळालेल्या मोटारी भरून देतो. स्विच बदलून दे म्हटलं. त्याने स्विचला हातच लावला नाही. तपासायचा दिवा घेऊन कूलरपाशी बसला आणि विचारलं, "अंकल जी, पिछले साल भी गिरता था?"

"गिरता था."

"फिर बंद कैसे हुआ?"

तुझाच प्रश्न, फक्त हिंदीत. मी काहीतरी बोलणार होतो, लाइट वरखाली होत असेल वगैरे. पण तो माणूस माझ्याकडे बघतही नव्हता, प्लगचे स्क्रू खोलत होता. आणि मी बोलून गेलो, "मैंने हरी तार निकाल दी थी."

त्याने हात थांबवले. "अर्थ की तार? लोहे के कूलर की?" मग हळूच विचारलं, "घर में किसी को लगा तो नहीं?"

मी म्हटलं, "मेरी वाइफ को."

तर आता लिहितो. तुला हे सगळं माहीत आहे, पण माझ्या हाताने लिहिलेलं तुला हवंय, हे मला काल कळलं.

मागच्या जूनमध्ये कूलर लावला की स्विच पडायचा. मी दोन दिवस डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी प्लगमधून हिरवी तार सोडवली. स्विच पडायचा थांबला, कारण गळणाऱ्या करंटला जमिनीत जायची वाट बंद झाली आणि तो पत्र्यातच राहिला. तू म्हणालीस, "झाला ठीक?" मी म्हटलं, "झाला." त्यानंतर तू मला तीनदा सांगितलंस की पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. पहिल्यांदा मी म्हटलं, ओल्या हाताने कशाला शिवतेस. दुसऱ्यांदा म्हटलं, तुझा वात आहे. तिसऱ्यांदा, या एप्रिलमध्ये, मी पेपरातून मानही वर काढली नाही. तार निघालेली आहे हे मला तिन्ही वेळा माहीत होतं. अगदी शपथेवर लिहितो, माहीत होतं.

तीन मेला दुपारी मी हॉलमध्ये बसलो होतो. पंखा थांबला. मी ओरडलो, "लाइट गेली का?" तू उत्तर दिलं नाहीस. बाल्कनीत आलो तर बादली आडवी आणि तू फरशीवर, उजवा हात अंगाखाली. तुझे ओठ पांढरे पडले होते. तू म्हणालीस, "करंट." आणि मी तुला उचलायच्या आधी म्हणालो, "चप्पल घालून यायचं ना."

हे वाक्य मला रोज ऐकू येतं. आंघोळ करताना, भाजी चिरताना.

मानसच्या त्या स्विचनेच वीज तोडली होती. तो नसता तर आज मी हे पत्र तुला लिहीत नसतो. त्याच स्विचला मी गेल्या पत्रात काय काय म्हटलंय, ते तुझ्याकडे आहेच.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तुला विचारलं, "क्या हुआ माताजी?" आणि तू तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "फिसल गईं." तू माझ्याकडे पाहिलंस. मी एक्सरेकडे पाहिलं. येताना ऑटोत तू म्हणालीस, "मला करंट लागला होता." मी म्हटलं, "घाबरलीस, म्हणून तसं वाटलं असेल."

आणि संध्याकाळी तू गोळी घेऊन झोपलीस तेव्हा मी हिरवी तार प्लगमध्ये परत लावली, आणि मोटर काढून कूलर सुटा केला. दुरुस्तीसाठी नाही. चेतना आणि मानस दुसऱ्या दिवशी येणार होते. मानस टेस्टर घेऊन बसेल, कूलर चालवून बघेल, हे मला माहीत होतं. म्हणून. त्याने आल्यावर विचारलंच, "बाबा, कूलर का खोलला?" मी म्हटलं, मोटर घरघरत होती. तू दारात उभी होतीस, गळ्यात हात बांधलेला. चेतना तुला म्हणाली, "आई यार, तुला हल्ली काहीही वाटतं." तेव्हाही मी गप्प बसलो.

पाच दिवसांनी तू बॅग भरलीस. मी स्वतःला सांगत राहिलो की रुसली.

आज दिवसभर मी वायर बोटाबोटाने तपासली. दोष मोटारीचा नव्हताच, म्हणून तर दुसरी मोटर घालूनही स्विच पडत होता. डाव्या जाळीमागे, ओल्या घाशीला टेकून, एक जोड आहे. तीन वर्षांपूर्वी वायर कमी पडली म्हणून जुन्या इस्त्रीची वायर कापून मीच तिथे जोडली होती. वरची टेप गळून गेली आहे आणि उघडं तांबं पत्र्याच्या धारेवर घासतंय. मायापुरीची मोटर लावली तेव्हा ही जाळी काढलेली होती, तांबं पत्र्याला टेकत नव्हतं, म्हणून तेव्हा स्विच पडला नाही. पिळा माझ्याच हाताचा आहे, मी डावीकडे पिळतो. दुसऱ्या कोणावर ढकलायला जागाच नाही.

माझं चुकलं, सुनंदा. तार काढली ती चूक. पण तुला खोटं पाडलं ती चूक म्हणायलाही मला लाज वाटते, ते मी ठरवून केलं.

शशिकांत

&nbsp;

१२ जून

सुनंदा,

आज दुपारी मी चेतनाला फोन केला तेव्हा तू देवळात गेली होतीस, असं ती म्हणाली. म्हणून काय बोलणं झालं ते लिहितो. तिने माझ्यापेक्षा वेगळं सांगितलं तर तिचं खरं धर.

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी आईला म्हटलं, तुला काहीही वाटतं. बाबा, हे मी आईला म्हटलं. महिनाभर रोज म्हणतेय." आणि ती रडायला लागली. मानसने फोन घेतला. तो कधी आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही. "बाबा, मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात." मी म्हटलं, बिल्कुल बोललो.

मग पुण्याला विश्वासला फोन लावला. तुझा भाऊ तुला दर रविवारी फोन करून बजावतो ना, ताई जपून चालत जा, कॅल्शियम घे. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. वरती इशिताच्या आईला जाऊन सांगितलं. त्यांनी मला आत बसा म्हटलं नाही. दिनकरला सांगितलं, तो म्हणाला, "शशी, मोटर परत आणून दे." ती परत मागण्यात काही अर्थ नाही, हे त्यालाही कळत होतं, पण त्याला काहीतरी परत मागायचं होतं.

बलबीरने एकसंध नवी वायर टाकली. वायर पत्र्यातून जाते तिथे रबराचं बूच बसवलं. हिरवी तार कूलरच्या अंगाला स्क्रूने आवळली. मी बाजूला उभा राहून पाने देत होतो. बटण दाबलं, स्विच पडला नाही. पत्र्याला दिवा लावून पाहिला, पेटला नाही. गार वारा आला. जुन्या मोटारीचा, माळ्यावरच्या पंपाचा, घरच्याच सामानाचा कूलर. मला वाटलं होतं त्या क्षणी बरं वाटेल. मी पाच मिनिटं समोर बसलो आणि बंद केला.

सृष्टीला अजून सांगायचं राहिलंय. ते फोनवर सांगण्यासारखं नाही. पुढच्या रविवारी, बावीसला, येऊ का? नको म्हणालीस तर येत नाही.

शशिकांत

&nbsp;

२३ जून

सुनंदा,

पोचलो. कश्मीरी गेटला बस साडेसातला आली.

काल तुमच्या घरी काय झालं, त्यातलं अर्धं तू आतल्या खोलीत होतीस, म्हणून तुला दिसलं नाही. तेवढं सांगतो.

मी आलो तेव्हा सृष्टीने दार उघडलं आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "आजोबा, तुम्ही आजीला जरा समजवा ना. ती देखके चालतच नाही. मी किती वेळा सांगते, आजी, खाली बघ, नाहीतर परत पडशील." कमरेवर हात ठेवून, तुझ्यासारखीच. सात वर्षांची पोर. दीड महिना तिने तुझा पहारा केलाय आणि तू तिला एकदाही सांगितलं नाहीस की मी घसरले नव्हते. का नाही सांगितलंस, हे मी बसमध्ये पूर्ण वेळ विचार करत होतो. तुला बहुतेक माझी लाज तिच्यासमोर काढायची नव्हती. तेवढंही मी तुझ्यासाठी केलं नव्हतं.

मी तिला सोफ्यावर शेजारी बसवलं. म्हटलं, "आजी पडली नाही. आजोबांनी कूलर चुकीचा दुरुस्त केला, त्याचा आजीला करंट लागला. आणि मग आजोबा सगळ्यांना खोटं सांगत होते की आजी घसरली."

तिने विचारलं, "डॉक्टरला पण?"

"डॉक्टरला पण."

"मम्मीला पण?"

"हो."

तिला राग यायला वेळ लागला. मग तिचा चेहरा लाल झाला आणि ती म्हणाली, "म्हणजे मी आजीला ऐसे ही रागवत होते? रोज?" माझा हात तिने झटकून टाकला आणि आत तुझ्याकडे पळाली. पुढचं तुला माहीत. मला फक्त दाराबाहेर तिचं रडणं ऐकू आलं, आणि तुझा आवाज, शब्द कळले नाहीत. मी उठून आत येणार होतो. आलो नाही. ती वेळ माझी नव्हती.

जेवताना ती माझ्यासमोर बसली नाही. चेतनाने वाढलं, मानसने पाणी दिलं, दोघं नीट बोलले, कचेरीत बाहेरच्या माणसाशी बोलतात तसं. निघताना मी सृष्टीला हाक मारली. तिने तिच्या खोलीचं दार लावून घेतलं.

मी जिना उतरत होतो तर मागून तुझ्या चपला वाजल्या. प्लास्टर काढलेला हात केवढा बारीक झालाय तुझा, कातडी निघतेय. तू माझ्याबरोबर चार जिने उतरलीस, फाटकापर्यंत आलीस. वाटेत काही बोलली नाहीस, म्हणून मीही बोललो नाही. रिक्षा थांबली तेव्हा तू म्हणालीस, "पुढच्या रविवारी परत या. तिचा राग तोवर उतरेल."

आणि मी रिक्षात बसल्यावर म्हणालीस, "माझं काही सांगता येत नाही."

रविवारी येतो.

शशिकांत